रानकोंबड्याचं रक्त

बा हातानं कमी मारायचा, हाताला लागेल त्या वस्तूनं जास्त. मायच्या डाव्या भुवईवरचा वण लोट्याचा होता, माझ्या पाठीवरचा सायकलच्या चेनचा. हे रडगाणं म्हणून लिहीत नाही. रडायचं ते तेव्हाच रडून झालं, आणि या वयात कुणाच्या सहानुभूतीचं मी काय लोणचं घालू? सांगायचं एवढंच, की चंद्रपूरकडच्या सावली गावाहून आत, धानाच्या बांध्या संपून जंगल लागतं तिथल्या आमच्या घरात मार हा भातासारखा रोजचा होता, आणि बाचा हात हळुवारही होऊ शकतो हे त्या घरात फक्त झुंजीच्या कोंबड्यांना ठाऊक होतं. सात होते. सिरोंच्याच्या बाजूनं, नदीपलीकडून आणलेले उंच असील जातीचे, लांब मानेचे, पिवळ्या डोळ्यांचे. प्रत्येकाला वेगळं डालगं, कारण दोघं समोरासमोर आले की एकाचा डोळा गेलाच समजा. त्यांना भिजवलेली ज्वारी, लसूण, उकडलेल्या अंड्याचा बलक. आम्हाला भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. बलक काढून उरलेलं पांढरं मी आणि सुंदरा आत्या वाटून खायचो, तेही बा घरात नसला तर.

धान कापून झालं, भाऊबीज सरली, की आमच्याकडे गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात, आणि मंडईच्या मागं, झाडांच्या आडोशाला, कोंबड बाजार भरतो. कायद्यानं बंद आहे म्हणतात. तेव्हाही होता. बा मला सोबत न्यायचा, कोंबडा धरून बसायला. गोमाजी नावाचा बाचा दोस्त काती बांधायचा. काती म्हणजे दोन बोटं लांब, पात्यासारखी धार लावलेली सुरी. कोंबड्याच्या पायाला ती सुतानं करकचून आवळायची. त्यात गोमाजीचा हात असा बसलेला, की सगळ्या पंचक्रोशीत त्याला मान. मग रिंगण, माणसांची हुल्लड, आणि दोन पक्षी हवेत. लोकांना वाटतं झुंज बराच वेळ चालते. कुठली! एक उडी, दुसरी उडी, आणि एकाचं पोट उघडं. कितीदा मेलेल्याला कळायचंच नाही आपण मेलो म्हणून. आतडी लोंबत असताना तो आणखी एक उडी घ्यायचा. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या घरी जातो, ही रीत. बा जिंकला की मेलेला पक्षी उलटा धरून घरी यायचा, माय जवस आणि लाल मिरची वाटायची, आणि आम्ही घाम पुसत रस्सा ओरपायचो. हरला की तो रिकाम्या हातानं यायचा, आणि मग मायचं काही खरं नसे. मला तो रस्सा आवडायचा, खोटं कशाला बोलू. आजही जवस भाजल्याचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं आणि मागोमाग मी उठून खिडकी उघडते.

सुंदरा आत्या बाची धाकटी बहीण. तिचा नवरा कोळशाच्या खाणीत गेला आणि सासरच्यांनी तिला महिन्याभरात गाडीत बसवून दिली. "नवरा खाल्ला इनं," असं आमच्या गावात तिच्या मागं बोलायचे, पुढंही बोलायचे. तिला फरक पडायचा नाही, निदान दिसायचा नाही. कोंबड्यांची सगळी उस्तवार तिच्याकडे. हळद घालून तेल कोमट करायची, त्यांच्या मांड्या चोळायची आणि त्यांच्याशी भांडायची. "काहून रे बाप्पा, लयच ऐटीत आहेस? आयतवारी तुही आतडी काढते ना गोमाजी, मंग पाहू!" मला हसू फुटायचं. त्या घरात हसण्याच्या जागा फार नव्हत्या, ज्या होत्या त्या तिच्याभोवती होत्या. मला चोरून शाळेत धाडायची तीच. "तू शिक वो पोट्टी. नाई त माह्यासारखी कोंबड्यायचे पाय चोळशीन."

त्या वर्षी बाच्या डोक्यात रानाचं रक्त शिरलं. कुणीतरी सांगितलं होतं, की असील कोंबडीला रानकोंबडा लावला तर पिल्लू असं निघतं, की त्याच्यापुढं कुणी टिकत नाही. बा दोनतीनदा जंगलात जाऊन हात हलवत परत आला. मी तेव्हा चौदा-पंधराची असेन. मी म्हटलं, मी आणते. रानकोंबडा धरायची आमच्याकडची युक्ती सोपी आहे: घरचा कोंबडा जंगलाच्या काठावर दोरीनं बांधायचा, भोवती फासे लावायचे आणि लपून बसायचं. घरचा आरवला, की ज्याचा तो इलाखा आहे तो रानातला मारायला धावून येतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला. लहानसा, आमच्या कोंबड्यांच्या निम्मा, तांबडाजर्द, काळी शेपटी. बांधलेल्या कोंबड्याच्या डोक्यावर त्यानं अशी झेप घेतली, की रक्त उडालं, आणि दुसऱ्या झेपेला त्याचा पाय फाशात. मी त्याच्यावर लुगड्याचा तुकडा टाकून त्याला छातीशी धरलं. त्यानं माझा अंगठा हाडापर्यंत फोडला. मी सोडलं नाही. घरी आले तेव्हा बानं माझ्या रक्ताळलेल्या हाताकडं पाहिलं, पाखराकडं पाहिलं, आणि अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यावर हात ठेवला. गोमाजीला म्हणाला, "पाह्य. पोट्टी नाई, पोट्टा आहे हा माहा!" ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात चघळलं. आता त्याची लाज वाटते. तेव्हा नव्हती वाटत, तेव्हा मी हवेत होते, आणि पुढं जे झालं त्याचं मूळ त्या वाक्यात आहे, हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. घराच्या मागं बोडी, म्हणजे लहानसं तळं, होती, पाण्यानं भरलेली, आणि डास इतके की बोलताना तोंडात जायचे. पहिल्यांदा बाचा सगळ्यात आवडता कोंबडा बसला. त्याचा तुरा पांढराफटक पडला, हिरवं हगायला लागला, मग एका अंगावर पडून पाय झाडत राहिला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग गावठी कोंबड्याही सुस्तावल्या, पण त्यांतल्या निम्म्या आठ दिवसांत उठून पुन्हा उकिरडा उकरायला लागल्या. मरत होते ते असील. ज्यांच्यापुढं दहा गावांचे कोंबडे टिकत नव्हते, ते आपल्या डालग्यात मान टाकून मरत होते, आणि मधल्या खुंटीला बांधलेला तो रानातला टप्पोरा डोळा फिरवत, ताठ मानेनं आरवत होता. बा वेडा व्हायची पाळी आली. मेलेला कोंबडा त्यानं भिंतीवर आपटला, मग मायला आपटलं. "कोण करून राह्यलं हे? माह्यावर कोण जळून राह्यलं?" घराघरात जाऊन तो हेच विचारत होता.

त्याच दिवसांत बोडीच्या पलीकडं एक डॉक्टरीणबाई जाळी लावून बसायच्या. गुरांच्या डॉक्टर, पण त्यांना गुरांत रस नव्हता. त्या रानातली पाखरं धरायच्या, पंखाखालच्या शिरेतून थेंबभर रक्त घ्यायच्या आणि सोडून द्यायच्या. गाव त्यांना हसायचं. सोमवारी शाळेत जायचं सोडून मी मेलेला कोंबडा पिशवीत आणि जिवंत रानकोंबडा काखेत घेऊन त्यांच्याकडं गेले. कायद्यानं रानकोंबडा धरता येत नाही, त्या रागावल्या असणार, पण काही बोलल्या नाहीत. दोघांच्या रक्ताचा एकेक थेंब काचेवर ओढला, रंगवला, आणि मला स्टुलावर चढवून सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. मेलेल्याच्या रक्तात जवळपास प्रत्येक लांबट पेशीत काहीतरी शिरून बसलं होतं, निळसर, पोटात काळे कण असलेलं. पेशीचा मधला ठिपकाही कडेला ढकलला गेला होता. रानातल्याच्या रक्तात सगळं स्वच्छ. मी म्हटलं, "हा तर निरोगी आहे." त्या म्हणाल्या, "शोध." किती वेळ शोधत होते कुणास ठाऊक, डोळ्याला पाणी आलं. मग सापडलं. एकच. तेच निळसर, तेच काळे कण.

"हा मलेरियाच आहे, पण पाखरांचा. माणसाला होत नाही," त्या म्हणाल्या. "याच्या रक्तातून डासानं उचलला आणि तुमच्या कोंबड्यांत सोडला. रानकोंबड्याची आणि या जंतूची ओळख जुनी आहे, हजारो पिढ्यांची. ज्या कोंबड्यांना तो सोसला नाही त्या पिल्लं व्हायच्या आत मेल्या. जो जंतू आपल्या कोंबड्याला झटक्यात मारायचा, त्याला डास भेटायच्या आत तोही त्याच्याबरोबर कुजून गेला. असं करत करत दोघंही बदलले. कोंबडा त्याला दाबून ठेवायला शिकला, हा दबून राहायला शिकला. तुझ्या बाबांचे असील कितीतरी पिढ्या शहरात, पिंजऱ्यात वाढले. त्यांच्या रक्ताला हा शत्रू माहीतच नाही." मी विचारलं, "मग आता या दोघांची दोस्ती झाली?" त्या हसल्या. "दोस्ती कसली? कोंबड्याला जरा अशक्त होऊ दे, मग बघ."

पुढं माझं सगळं आयुष्य असल्याच काचा रंगवण्यात गेलं. जनावरांच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत शिकाऊ पोरं यायची, त्यांना मी हेच शिकवायचे, आणि त्यांतलं एखादं शहाणं म्हणायचं, "म्हणजे निसर्गात समतोल असतो ना, मॅडम?" माझं टाळकं सरकायचं. समतोल म्हणे! रानात अंड्यातून निघालेल्या किती पिल्लांना तो जंतू पहिल्याच पावसाळ्यात खातो, ते मोजायला कोण जातं? मुंग्या साफ करून टाकतात. आपल्याला दिसतो तो जगलेला, आणि त्याला बघून आपण म्हणतो, रान किती निरोगी! आणि जंतूही काही सज्जन झालेला नसतो. पाखरू आजारानं थोडं लोळलं तर त्याच्यावर डास जास्त बसतात, म्हणून त्याला ते थोडं लोळवायचंच असतं, फक्त इतक्यात मरू द्यायचं नसतं. ही झुंजच आहे, पायाला काती बांधलेली, फक्त रिंगण एवढं मोठं की प्रेतं दिसत नाहीत. आमच्या घरातही आम्ही असेच जगलेलो होतो, असं एकदा एक मैत्रीण मला म्हणाली. मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही.

असो. डॉक्टरीणबाईंनी मला गोळ्या दिल्या. कुटून कोंड्यात कालवायच्या, उरलेल्या तीन असीलांना द्यायच्या, रानकोंबडा लांब न्यायचा. "बाबांना सगळं नीट सांग. मी गुरुवारी येऊन बघते." मी हो म्हटलं, रानकोंबडा परत त्याच्या खुंटीला बांधला आणि बाला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? की तुझे कोंबडे मी मारले? डोक्यावर हात ठेवलास ना, त्याच पोट्ट्यानं मरण घरात आणलं? सायकलची चेन भिंतीवर टांगलेलीच होती. पण खरं सांगायचं तर भीती माराची कमी होती, तो हात काढून घेतला जाईल याची जास्त होती. म्हटलं, गुरुवारी बाई येतील, त्याच सांगतील. अर्ध्या गोळ्या मी आत्याला दिल्या, अर्ध्या दप्तरात ठेवल्या. "डॉक्टरीणबाईनं देल्या. बाले सांगजो नको." आत्यानं माझ्याकडं पाहिलं, गोळ्यांकडं पाहिलं. "बरं," म्हणाली. काहून म्हणून एका शब्दानं विचारलं नाही.

बुधवारी दुपारी मी शाळेतून आले तेव्हा अंगणात माणसं होती. सात-आठ असतील. आत्याला गोठ्याच्या मेढीला बांधलं होतं, ज्या दोरीनं बैल बांधतात त्याच दोरीनं. तिचा पदर खाली होता आणि एक डोळा सुजून बंद झाला होता. गोमाजीनं तिला सकाळी कोंड्यात पांढरी भुकटी कालवताना पाहिलं होतं.

"काय मिसळत होती वो? बोल!" बा तुराटीच्या जुडीनं तिला हाणत होता. जुडी मोडली तशी त्यानं सागाचा दांडा घेतला. "काय होतं थे? कोण देलं?"

आत्यानं उघड्या डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी कवाडात उभी होते. दप्तर खांद्याला होतं.

"औषध होतं," ती म्हणाली.

"कोणाचं औषध? कुठून आणलं?"

ती बोलली नाही. माय चुलीपाशी भिंतीला चिकटून बसली होती, तोंडात पदराचा बोळा घालून. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "नवरा खाल्ला, आता भावाचे कोंबडे खाऊन राह्यली." आणि गोमाजी म्हणाला, अगदी शांतपणे, काती बांधताना बोलायचा त्याच आवाजात, "भाऊ, दात पाड. दात गेले का मंतर नाई निघत तोंडातून." बानं पाट्यावरचा वरवंटा उचलला. दोघांनी आत्याचं डोकं मेढीला दाबून धरलं. पहिल्या ठोक्याला जो आवाज झाला, तो मी लिहिणार नाही. आत्या ओरडली नाही, तिच्या नाकातून काहीतरी बुडबुडलं. तिनं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मी उभीच. पाय हलत नव्हते, हे म्हणणं सोपं आहे. पाय हलायची गरजच नव्हती, फक्त तोंड उघडायचं होतं. दुसरा ठोका पडला. रक्त तिच्या हनुवटीवरून पोलक्यात उतरलं. बानं तिसऱ्यांदा वरवंटा वर नेला तेव्हा मी किंचाळले. "मी देलं! गोळ्या मी देल्या! रानकोंबड्यापासून रोग आला, मीच आणला थो!"

कुणाला पटेना. गोमाजी म्हणाला, इनंच पोट्टीले पढवलं. मी दप्तरातून उरलेल्या गोळ्या काढून बाच्या अंगावर फेकल्या, डॉक्टरीणबाईंचं नाव घेतलं, काचेत काय पाहिलं ते सगळं भडाभडा ओकले. बा माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता माझी पाळी. पण त्यानं मला हातही लावला नाही. वळला, खुंटीशी गेला, रानकोंबड्याला पायांनी धरून दगडावर हाणलं, एकदा, दोनदा, हातात नुसते पाय उरेस्तोवर. मग माणसं एकेक करून पांगली. एकानं जाता जाता दुसऱ्याकडं तंबाखू-सुपारीचा खर्रा मागितला, तो मळत मळत दोघं बाहेर पडले. आत्या तशीच बांधलेली होती. दोरी मायनं सोडली.

गुरुवारी डॉक्टरीणबाई आल्या, आणि त्यांनी आत्याला जीपमध्ये घालून चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. पोलिसही आणले त्यांनीच. गाव म्हणालं, बाई पाट्यावर पडली. आत्या म्हणाली, पडली मी. हवालदारानं मला विचारलं, तू कुठं होतीस? मी म्हटलं, शाळेत. उरलेले तीन कोंबडे जगले. बानं त्यातला एक त्याच हिवाळ्यात मंडईत उतरवला, आणि तो जिंकला.

आत्या त्या घरी परत आली नाही. चंद्रपुरात एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली, आणि मला नोकरी लागली तशी मी तिला बल्लारपूरला माझ्याकडं आणली. शेवटपर्यंत ती माझ्याकडेच होती. कवळी केली, ती तिनं कधी वापरली नाही, डब्यात ठेवून दिली. तो बुधवार आम्ही दोघींनी कधी काढला नाही. पण मी लोकांना सांगायचे. लग्नात नवऱ्याला सांगितलं, पोरांना सांगितलं, शिकाऊ पोरींना तर कितीदा: माझ्या आत्यानं माझं नाव घेतलं नाही, माझ्यासाठी दात पाडून घेतले, तिच्यामुळं मी शिकले. सांगताना मी डोळे पुसायचे. ऐकणारेही पुसायचे.

ती जायच्या आदल्या वर्षी एक दिवस दुपारी जेवताना मला राहवलं नाही. मी तिला भात कालवून देत होते. म्हटलं, "आत्या, तू मले वाचवलं. माहं नाव नाई घेतलं तू."

समजलंच नाही तिला आधी. मग म्हणाली, "मी कायले वाचवू वो तुले? मले वाटलं, तू सांगशीन. मी वाट पाहून राह्यली होती." थोडा वेळ हिरड्यांनी भात चघळला. "पयला दात गेला तवा बी मी पाह्यलं तुह्याकडे. म्हटलं, आता बोलते पोट्टी."

तिनं ताट माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाली, भात आजून गिल्ला करत जा, गिळत नाई.